वसा-बहुवारिक संकर-कण : एका औषधवाहकाच्या दाव्यांची परीक्षा

१. प्रश्नाचे स्वरूप

औषधाचा रेणू घडविणे आणि तो शरीरात इष्ट स्थळी, इष्ट प्रमाणात व इष्ट काळपर्यंत उपलब्ध करून देणे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास गेल्या साठ वर्षांत वाढीस लागला व त्यातून औषधवाहकांचे एक विस्तृत शास्त्र उदयास आले. या शास्त्रात २००८ पासून ज्या वाहकाला विशेष मान मिळाला, तो म्हणजे वसा-बहुवारिक संकर-कण. याचा व्यास सामान्यतः शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतो. बहुवारिकाचा गाभा व त्याभोवती वसारेणूंचे कवच अशी त्याची रचना सांगितली जाते. गाभ्यात औषध राहावे, कवचाने ते अकाली झिरपू देऊ नये आणि कवचाबाहेर पसरलेल्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या धाग्यांनी रक्तातील प्रथिनांना दूर ठेवावे, अशी ही कल्पना आहे. लिपोसोमची शरीरानुकूलता आणि बहुवारिक कणाचा टिकाऊपणा हे दोन्ही गुण एकाच कणात एकत्र येतात व दोहोंचे दोष गळून पडतात, असे या विषयावरील बहुतेक निबंधांच्या प्रास्ताविकात लिहिलेले आढळते.

हे विधान इतक्या वेळा लिहिले गेले आहे की, ते सिद्ध झाले आहे किंवा नाही याची चौकशी करण्याचे अगत्य फारसे कोणास वाटेनासे झाले आहे. वास्तविक ‘संकर’ हा शब्द वापरला की त्याबरोबर एक जबाबदारी येते. भारतात १९६४ मध्ये संकरित ज्वारीचे पहिले वाण प्रसृत झाले. अशा वाणाची योग्यता ठरविताना कृषिशास्त्राचा दंडक असा की, संकराबरोबर त्याचे दोन्ही जनक व प्रचलित उत्तम वाण त्याच शेतात, त्याच हंगामात, शेजारी शेजारी पेरावयाचे आणि मग उत्पन्नाची तुलना करावयाची. संकर श्रेष्ठ आहे हे त्याच्या नावावरून ठरत नाही. शेजारच्या वाफ्यावरून ठरते. औषधवाहकांच्या क्षेत्रात हा दंडक कितपत पाळला गेला आहे, हा प्रस्तुत समीक्षेचा विषय आहे. देशातील अनेक औषधनिर्माणशास्त्र विभागांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांची दोन-तीन वर्षे अशा विषयांवर खर्च होत असल्याने हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

२. दोन जनक

संकराचे मूल्यमापन करण्यापूर्वी त्याचे जनक नीट ओळखले पाहिजेत. पहिला जनक लिपोसोम. इंग्लंडमधील बाब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम यांनी १९६४-६५ मध्ये दाखवून दिले की, फॉस्फोलिपिडे पाण्यात मिसळली असता त्यांच्या द्विस्तरी पटलांच्या बंद पिशव्या तयार होतात. १९७१ मध्ये ग्रेगरी ग्रेगोरियाडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पिशव्यांत विकरे कोंडून त्यांचा वाहक म्हणून उपयोग सुचविला. १९९५ मध्ये डॉक्सिल या नावाने डॉक्सोरूबिसीनचे लिपोसोमयुक्त औषध अमेरिकेत मान्य झाले. दुसरा जनक म्हणजे लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांचे सहबहुवारिक, जे पीएलजीए या आद्याक्षरांनी ओळखले जाते. जलीय विच्छेदनाने त्याचे मूळच्या दोन आम्लांत रूपांतर होते व शरीर ती पचवू शकते. १९८९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या ल्युप्रॉन डेपो या औषधात या प्रकारच्या बहुवारिकाचे सूक्ष्मगोल वापरलेले होते. एका टोचणीतून महिनाभर औषध पुरविण्याची किमया त्याने साधली.

संकर-कणांच्या निबंधांत या दोन्ही जनकांचे वर्णन ठराविक साच्याचे असते : लिपोसोम गळका, बहुवारिक कण टिकाऊ. हे दोन्ही निष्कर्ष जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाहीत. डॉक्सिलमध्ये अमोनियम सल्फेटच्या संहति-उताराच्या साहाय्याने औषध लिपोसोमच्या आत ओढले जाते व तेथे त्याचे सल्फेट स्फटिकरूपाने स्थिर होते. हे औषध रक्तात असताना इतके थोडे गळते की, अर्बुदापाशी पोहोचल्यावर ते पुरेशा वेगाने बाहेर पडते किंवा नाही, हीच शंका पुढे उपस्थित झाली. म्हणजे गळणे हा लिपोसोमचा उपजत स्वभाव नव्हे. तो औषधाच्या स्वरूपावर व भरण्याच्या रीतीवर अवलंबून आहे.

दुसऱ्या जनकाविषयीही अशीच सावधगिरी आवश्यक आहे. ल्युप्रॉन डेपोमधील गोल साधारणपणे दहा-वीस मायक्रॉन व्यासाचे असतात. विसरणाला लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दहा मायक्रॉनचा गोल शंभर नॅनोमीटरवर आणला की व्यास शंभरपट घटतो व विसरणाचा काळ दहा हजारपट घटतो. ज्या गोलातून केवळ विसरणाने औषध बाहेर पडण्यास तीस दिवस लागले असते, त्याच द्रव्याच्या नॅनोकणातून ते चार-साडेचार मिनिटांत बाहेर पडेल. प्रत्यक्षात बहुवारिकाची झीज, औषधाचे गाभ्याशी असलेले आकर्षण इत्यादी घटक या हिशेबात फरक करतात, हे खरे. तथापि मोठ्या गोलाची कीर्ती लहान कणाच्या खात्यावर जमा करता येत नाही, एवढे या साध्या गणितावरून स्पष्ट व्हावे. वसाकवचाची गरज का भासली याचे खरे उत्तरही येथेच आहे. बहुवारिक टिकाऊ आहे म्हणून त्यावर कवच चढविले असे नसून, नॅनोमापावर तो औषध धरून ठेवण्यास अपुरा पडतो म्हणून कवच चढवावे लागले.

३. संकराचा उदय

या शतकाच्या पहिल्या दशकात टोरांटो येथे शाओ यू वू यांच्या गटाने डॉक्सोरूबिसीन हे औषध बहुवारिकाशी बांधून घन वसेत बसविण्याचे प्रयोग केले. २००५ मध्ये शिलादित्य सेनगुप्ता व मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी पीएलजीएच्या गाभ्यात एक औषध व भोवतीच्या वसावेष्टनात दुसरे, अशी रचना प्रसिद्ध केली : बाहेरच्या औषधाने प्रथम अर्बुदाच्या रक्तवाहिन्या बंद पडाव्यात आणि मग आत अडकलेल्या कणातून कर्करोगविरोधी औषध सुटावे. संकराची आवश्यकता खऱ्या अर्थाने सिद्ध करणारी ही कल्पना होती. कारण दोन औषधे दोन वेगवेगळ्या वेळी सुटावयाची असतील तर दोन भिन्न कप्पे हवेतच. येथे रचना प्रयोजनातून जन्मली होती.

२००८ मध्ये लियांगफांग झांग, रॉबर्ट लँगर, ओमिद फारूखझाद व सहकारी यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याने या क्षेत्राला आजचे रूप दिले. त्यातील कृती अत्यंत सुलभ होती. सोयाबीनचे लेसिथिन व पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेले फॉस्फोलिपिड हे थोड्या एथिल अल्कोहॉलयुक्त पाण्यात घालून ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवावयाचे. पीएलजीए व डोसेटॅक्सेल हे औषध ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून तो विद्राव त्यात थेंबाथेंबाने सोडावयाचा. जोराने घुसळून नंतर ढवळत ठेवावयाचे. विद्रावक पाण्यात पसरताच बहुवारिक आकसून कणरूपाने खाली बसू पाहते, वसारेणूंची पाणी टाळणारी शेपटे त्याच्या पृष्ठास चिकटतात, डोकी पाण्याकडे राहतात आणि कण आपोआप सिद्ध होतो. महागडी साधने नकोत, अनेक पायऱ्या नकोत. या सुलभतेमुळेच ही कृती जगभरच्या प्रयोगशाळांत पसरली. आणि या सुलभतेमुळेच पुढील काळात कृतीबरोबर तिचे निष्कर्षही तपासल्यावाचून उचलले गेले.

४. पहिली कसोटी : रचना खरोखर आहे काय?

गाभ्याभोवती वसारेणूंचा एकेरी थर आहे, हे विधान गणिताने पडताळून पाहता येते. एका फॉस्फोलिपिड रेणूला पृष्ठावर सुमारे ०.७ वर्ग नॅनोमीटर जागा लागते. सत्तर नॅनोमीटर व्यासाच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे १५,४०० वर्ग नॅनोमीटर भरते. तेव्हा एकेरी थरासाठी सुमारे २२,००० रेणू लागतील. रेणुभार ७७५ धरल्यास त्यांचे वजन, १.३ घनतेच्या गाभ्याच्या वजनाशी ताडून पाहता, सुमारे १२ टक्के येते. मूळच्या संशोधकांनी वसेचे प्रमाण बहुवारिकाच्या सुमारे १५ टक्के ठेवले होते. दोन आकडे परस्परांच्या इतके जवळ यावेत, ही त्या कृतीच्या बाजूची भक्कम साक्ष आहे, व ती मान्य केली पाहिजे.

परंतु याच गणिताची दुसरी बाजू अनुयायांना अडचणीची आहे. लागणाऱ्या वसेचे शेकडा प्रमाण व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. शंभर नॅनोमीटरच्या कणास सुमारे साडेआठ टक्के पुरतात, दोनशे नॅनोमीटरच्या कणास सव्वाचार टक्के. असे असता दोनशे नॅनोमीटरच्या कणासाठी ज्या कृतीत वसा बहुवारिकाच्या निम्मी, किंबहुना बरोबरीने घातली जाते, तेथे उरलेली वसा कोठे जाते? एकाच द्विस्तराने ती संपणार नाही. ती पाण्यात असल्यामुळे तिचे अनेक थर कणावर चढतील किंवा तिच्या स्वतंत्र लिपोसोम पिशव्या बनतील. तिसरा मार्ग जवळजवळ नाही. २००८ मध्येच डॅरेल अर्विन यांच्या गटाने, ॲना बर्श्टाइन यांच्या प्रमुख लेखनाने, गोठविलेल्या नमुन्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत बहुवारिक कणांवर वसेची कवचे, कांद्यासारखे थरांवर थर आणि फुलाच्या पाकळ्यांसारखी बाहेर निघालेली पटले, अशी निरनिराळी रूपे स्पष्ट दिसतात. वसेचे प्रमाण बदलले की रूप बदलते. एकाच वर्षी दोन निबंध आले. पहिल्यातील व्यवस्थित आकृती प्रत्येक प्रबंधात उतरली, दुसऱ्यातील सावधगिरीची सूचना मात्र फार थोड्यांनी मनावर घेतली.

रचनेचा पुरावा म्हणून जे सामान्यतः दिले जाते, ते दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार रंजन केलेल्या, वाळविलेल्या नमुन्याच्या चित्राचा : काळसर वा फिकट कड्याने वेढलेला गोल दाखविला की कवच सिद्ध झाले असे समजले जाते. कणाच्या कडेशी साठलेले रंजकद्रव्यही असेच कडे निर्माण करू शकते, हे ध्यानात घेतले जात नाही. दुसरा प्रकार प्रकाश-प्रकीर्णनाच्या मापनाचा. या पद्धतीत कण किती मोठा आहे हे कळते, तो कशाचा बनला आहे हे कळत नाही. ऐंशी नॅनोमीटरचा लिपोसोम आणि ऐंशी नॅनोमीटरचा संकर-कण तिला सारखेच. शिवाय अशा लहान कणांची प्रकीर्णन-तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते, त्यामुळे मोठ्या कणांच्या प्रकाशात लहान पिशव्या अक्षरशः लपून जातात. उलट या प्रश्नाचा निकाल लावणारी एक साधी कसोटी उपलब्ध आहे. पीएलजीएची घनता सुमारे १.३ आहे, पाण्याने भरलेल्या लिपोसोमची घनता पाण्याच्या जवळची. शर्करेच्या चढत्या घनतेच्या विद्रावात नमुना केंद्रोत्सारित केला की दोहोंचे पट्टे वेगळे होतात. मग प्रत्येक पट्ट्यात वसा किती व औषध किती हे मोजता येते. हा प्रयोग ज्या निबंधात नाही, त्यातील ‘संकर’ हे विशेषण अनुमान ठरते. निरीक्षणाचा दर्जा त्यास देता येत नाही.

नामकरणाचाही येथे विचार करावा लागतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे स्वतः बहुवारिकच आहे. केवळ वसा व बहुवारिक एकत्र आले म्हणजे संकर, अशी व्याख्या केली तर १९९५ चे डॉक्सिलही संकर ठरेल. व्याख्या इतकी सैल ठेवल्यास त्या नावाने काहीच सांगितले जात नाही. म्हणून घन बहुवारिक गाभा व त्यावर सिद्ध झालेले वसाकवच एवढ्याच अर्थाने हा शब्द वापरणे इष्ट होय.

५. दुसरी कसोटी : औषधाचे माप

संकर-कणांच्या बाजूने दिला जाणारा दुसरा पुरावा औषध-ग्रहणाचा. घातलेल्या औषधापैकी किती टक्के कणांत गेले, हा आकडा सारांशात ठळकपणे येतो. परंतु वैद्यकीय दृष्ट्या निर्णायक आकडा निराळा आहे : कणाच्या एकूण वजनात औषध किती? शंभर मिलिग्रॅम बहुवारिकात एक मिलिग्रॅम औषध घातले व त्यातील नव्वद टक्के आत गेले, तर ग्रहण नव्वद टक्के झाले खरे, पण भार एक टक्काही झाला नाही. डोसेटॅक्सेलची प्रचलित मात्रा अनेक उपचारांत शरीरपृष्ठाच्या दर वर्गमीटरला ७५ मिलिग्रॅम असते. शरीरपृष्ठ १.६ वर्गमीटर असलेल्या रुग्णास १२० मिलिग्रॅम औषध लागेल. भार दोन टक्के असल्यास त्यासाठी सहा ग्रॅम कण शिरेतून द्यावे लागतील. दहा टक्के असल्यास सव्वा ग्रॅमच्या आत काम भागेल. हा भेद औषध आणि प्रयोगशाळेतील कुतूहल यांमधला भेद आहे, आणि तो पहिल्या आकड्यात दिसतच नाही.

शिवाय ग्रहणाचे मापनही नेहमी निर्दोष नसते. पाण्यात न विरघळणारे औषध ॲसिटोनायट्राइलमधून पाण्यात आले की त्यातील काही भाग स्वतःचेच सूक्ष्म स्फटिक बनवून बसतो. असे स्फटिक गाळणीतून कणांबरोबरच मागे राहतात व कणांत गेलेले औषध म्हणून मोजले जातात.

औषध-मोचनाच्या आलेखांची स्थिती याहून नाजूक आहे. नमुना अपोहनाच्या पिशवीत घालून बाहेरच्या विद्रावात औषध किती आले हे मोजण्याची रीत सार्वत्रिक आहे. डोसेटॅक्सेलची पाण्यातील विद्राव्यता दर मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम इतकीच आहे. ती पाच धरली, तर एक मिलिग्रॅम औषध नुसते विरघळण्यास दोनशे मिलिलिटर पाणी लागेल. आणि विद्रावाची संपृक्तता मोचनाच्या आड येऊ नये म्हणून त्याच्या किमान तिप्पट, म्हणजे सहाशे मिलिलिटर घ्यावे लागेल. पन्नास मिलिलिटर विद्रावात केलेल्या अशा प्रयोगातून मिळणारा संथ, सुडौल आलेख कणाच्या गुणाचा नसून पाण्याच्या असमर्थतेचा असतो. पिशवीचे पटलही औषधास काही काळ अडविते. म्हणून मोकळे औषध त्याच पिशवीत घालून त्याचा आलेख शेजारी दिला पाहिजे. साध्या पीएलजीए कणाचा व तितक्याच वसेच्या लिपोसोमचाही दिला पाहिजे. शेजारचे वाफे म्हणतात ते हेच. ते नसतील तर ‘दीर्घकालीन मोचन’ या शब्दांना अर्थ राहत नाही.

६. तिसरी कसोटी : शरीर

प्रयोगपात्रातून शरीरात आल्यावर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १९८६ मध्ये मात्सुमुरा व माएदा यांनी दाखविले की, अर्बुदाच्या सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून मोठे रेणू बाहेर झिरपतात व लसीका-निचरा सदोष असल्यामुळे तेथे साठतात. नॅनोकणांच्या कर्करोगोपचाराची सारी इमारत दीर्घकाळ या निरीक्षणावर उभी होती. २०१६ मध्ये वॉरेन चॅन यांच्या गटाने मागील दहा वर्षांच्या वाङ्मयाचे विश्लेषण करून, टोचलेल्या कणांपैकी अर्बुदापर्यंत पोहोचणाऱ्या भागाचे मध्यक प्रमाण केवळ ०.७ टक्के असल्याचे जाहीर केले. २०२० मध्ये प्राइस व सहकाऱ्यांनी या आकड्यामागील पद्धतीवर आक्षेप घेऊन, औषधगतिशास्त्राच्या रूढ मापांनी चित्र तितके निराशाजनक नाही असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी चॅन यांच्याच गटाने कण रक्तवाहिनीच्या छिद्रांतून झिरपण्यापेक्षा पेशींच्या सक्रिय क्रियेने आत जातात, असे पुरावे दिले. वाद अद्याप मिटलेला नाही. तथापि ‘छिद्रांतून आपोआप संचय’ हे वाक्य स्वयंसिद्ध तत्त्वाप्रमाणे लिहिण्याचे दिवस संपले, याविषयी दुमत होऊ नये.

या प्रयोगांतील प्राण्याचाही विचार आवश्यक आहे. वीस ग्रॅमच्या उंदरात एक ग्रॅमची गाठ म्हणजे शरीरभाराच्या पाच टक्के; साठ किलोच्या माणसात ती तीन किलोची गाठ होईल. काही आठवड्यांत वाढविलेल्या अशा गाठीच्या कच्च्या रक्तवाहिन्यांवरून, वर्षानुवर्षे वाढलेल्या मानवी अर्बुदाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे.

वसाकवचावरील पॉलिएथिलीन ग्लायकॉलविषयीही जुना विश्वास डळमळीत झाला आहे. या द्रव्याविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे निर्माण होऊ शकतात आणि दुसऱ्या टोचणीनंतर कण पहिल्यापेक्षा लवकर रक्तातून नाहीसे होतात, हे प्राण्यांत २००० पासून नोंदले गेले आहे. कणाच्या पृष्ठावर लक्ष्यवेधी रेणू बसविण्याची युक्तीही निर्धोक नाही : २०१३ मध्ये केनेथ डॉसन यांच्या गटाने दाखविले की, रक्तद्रवातील प्रथिनांचा थर कणावर चढला की ट्रान्सफेरिन बसविलेल्या कणाची लक्ष्य ओळखण्याची शक्ती लोपते. उपाय शोधता येतील; परंतु एकदाच टोचून चोवीस तासांनी प्रयोग थांबविणाऱ्या निबंधांना या अडचणी दिसण्याचा संभवच नसतो.

७. जे टिकते ते

वरील आक्षेपांवरून हे सारे संशोधन निष्फळ ठरते असे नाही. जेथे रचनेला प्रयोजन होते आणि तुलना प्रामाणिक होती, तेथे भरीव फलित हाती आले आहे. २०११ मध्ये सॅन दिएगो येथे लियांगफांग झांग यांच्या गटाने पीएलजीएच्या गाभ्यावर तांबड्या रक्तपेशींचे पटल, त्यातील प्रथिनांसह, चढविले. उंदराच्या रक्तातील त्याचा अर्धायुकाल ३९.६ तास आला. आणि तुलनेसाठी त्यांनी घेतलेल्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलयुक्त वसा-पीएलजीए संकर-कणाचा १५.८ तास. स्वतःच रूढ केलेला संकर-कण येथे शेजारच्या वाफ्यात पेरून संशोधकांनी त्याला मागे टाकले. शास्त्राची प्रगती अशीच होते.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या व आज रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत पद्मा देवराजन यांच्या गटाने वसा व बहुवारिक यांच्या मिश्रणाचे ‘लिपोमर’ कण तयार केले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विशेष असा की, हे कण गोल नव्हते. वेड्यावाकड्या आकारामुळे ते यकृतास चुकवून प्लीहेत अधिक प्रमाणात साठतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. प्लीहेत दडून बसणारे रोगजंतू ध्यानी घेता या निरीक्षणाचे मोल मोठे आहे. सर्वत्र गोल कणाचा आग्रह चाललेला असता, आकार हाच गुण मानून त्याची परीक्षा करणे ही स्वतंत्र दृष्टी होय. अनुकरणाने ती साधली नसती.

तिसरे फलित निर्मितीच्या रीतीचे. हाताने थेंब सोडण्याऐवजी सूक्ष्म नलिकांत दोन प्रवाह वेगाने मिसळून एकसारखे संकर-कण मिळतात, हे २०१० मध्ये दिसून आले; आणि २०१२ मध्ये प्रवाहात नियंत्रित भोवरे निर्माण करून तासाला तीन ग्रॅमपर्यंत उत्पादन करता येते असे दाखविण्यात आले. रुग्णास एका वेळी ग्रॅमभर कण लागणार असतील, तर हा आकडा कोणत्याही आलेखाइतकाच महत्त्वाचा आहे.

८. रुग्णालयाचा निकाल

तरीही वसाकवच व पीएलजीए-गाभा या काटेकोर अर्थाचा संकर-कण वापरणारे औषध दीड दशकानंतरही अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या मान्यतेने रुग्णापर्यंत पोहोचलेले नाही. लँगर व फारूखझाद यांच्याच संशोधनातून निघालेल्या बाइंड थेराप्युटिक्स या संस्थेने मानवी चाचण्यांसाठी डोसेटॅक्सेलचा जो कण नेला, तो शुद्ध बहुवारिकाचा होता. त्यात वसाकवच नव्हते. त्या संस्थेनेही मे २०१६ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले व तिची मालमत्ता फायझरने घेतली. दुसऱ्या बाजूस शुद्ध वसाकणांनी २०१८ मध्ये पॅटिसिरान हे औषध व २०२० च्या अखेरीस कोविडच्या आरएनए लसी जगापुढे आणल्या. तेथे वसेचे कार्य निश्चित होते : आरएनएचा नाजूक, ऋणभारित रेणू गुंडाळून पेशीत पोहोचविणे. दुसऱ्या कोणत्याही साधनाने ते तितके चांगले साधत नव्हते.

त्या लसींनी आणखी एक धडा दिला. फायझर-बायोएनटेकची लस आरंभी उणे ७० अंशांच्या आसपास साठवावी लागे. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या ज्या आरएनए लशीस २०२२ मध्ये भारतात आणीबाणीच्या वापराची मान्यता मिळाली, ती २ ते ८ अंशांत ठेवता येते, हा तिचा मोठा गुण मानला गेला. साठवण ही दुय्यम बाब नव्हे. पीएलजीए पाण्यात सतत विच्छेदित होत असल्याने संकर-कण पाण्यात दीर्घकाळ ठेवता येत नाहीत. ते शर्करेसह गोठवून वाळवावे लागतात, आणि वाळविताना कवच शाबूत राहते किंवा नाही हे पुन्हा तपासावे लागते. तालुक्याच्या औषधभांडारात वैशाखात काय टिकेल, हा प्रश्न प्रबंधाच्या कक्षेबाहेरचा समजण्याची प्रथा सोडून दिली पाहिजे.

९. उपसंहार

२०१८ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांनी नॅनोकणांवरील प्रयोगांत किमान कोणती माहिती दिलीच पाहिजे याची सूची प्रसिद्ध केली. २०१९ मध्ये भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आपली सूचना अंतिम केली. म्हणजे नियमांचा अभाव राहिलेला नाही. अभाव आहे तो प्रबंधाच्या परीक्षणात त्यांची आठवण ठेवण्याचा.

संकर-कणावरील प्रत्येक नव्या प्रबंधास तीन प्रश्न विचारले जावेत. कवच व गाभा एकाच कणात आहेत, हे वेगळे करून व मोजून दाखविले आहे काय? जो परिणाम सांगितला जातो तो त्या रचनेमुळेच घडतो, हे दोन्ही जनक व मोकळे औषध शेजारी ठेवून दाखविले आहे काय? आणि ज्या रोगासाठी हा खटाटोप आहे, त्याच्या मात्रेचा, पुनरावृत्त टोचणीचा व साठवणीचा हिशेब मांडला आहे काय? पहिल्या प्रश्नास केंद्रोत्सारण यंत्र पुरेसे आहे, दुसऱ्यास नमुन्यांची आणखी तीन पात्रे, तिसऱ्यास कागद व पेन्सिल. यांपैकी काहीही कोणत्याही विभागाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

या प्रश्नांना नकारार्थी उत्तर आले तरी प्रबंध वाया जात नाही. अमुक औषधासाठी संकराची गरज नाही, साधा लिपोसोम पुरतो, हे सिद्ध करणे ज्ञानात भर घालणेच होय, आणि परीक्षकांनी ते तितक्याच आदराने स्वीकारले पाहिजे. वसा आणि बहुवारिक यांच्या संयोगात सामर्थ्य आहे, हे सेनगुप्ता यांच्या दोन कप्प्यांनी, झांग यांच्या रक्तपेशी-पटलाने व मुंबईच्या लिपोमरने दाखविले आहे. तिन्ही ठिकाणी संशोधकांपुढे प्रथम अडचण होती आणि कण तिच्या उत्तरादाखल आला. आधी कण करून नंतर त्यासाठी रोग शोधण्याच्या रीतीने निबंधांची संख्या वाढेल; रुग्णाच्या शिरेत उतरणारे औषध त्या रीतीने क्वचितच हाती येईल.